बाभळीची मान

बाई आल्या तेव्हा मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत लाकडाला पॉलिश पेपर मारत होतो. खालून बायकोनं हाक मारली, पारनेरकडच्या कोणी शिक्षिका आल्यात, गिटार घेऊन आल्यात. अंगावरचा भुसा झटकत मी खाली उतरलो. साठी कधीच ओलांडलेल्या, फिकट निळी सुती साडी नेसलेल्या त्या बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत, पाहुण्याला बसवावं तशी, सोलापुरी चादरीत गुंडाळलेली आणि सुतळीनं तीन जागी बांधलेली एक लांब वस्तू उभी होती.

नगरमधल्या एका चर्चच्या बेस गिटारचं काम मी मागं केलं होतं. तिथल्या कुणीतरी त्यांना माझा पत्ता दिला होता. बाई पारनेर तालुक्यातल्या एका गावात राहायच्या, तिथल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान शेतीपंपाच्या मोटारी भरायचे. म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची. हा झाला पोटाचा धंदा. पण तरुणपणापासून ते बेस गिटार वाजवायचे. आधी जत्रांमधून फिरणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात, आणि तो बंद पडल्यावर गावच्या चर्चमध्ये दर रविवारी. दीड वर्षापूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडा सावरला, हात सावरला नाही. जीभ जड झाली, आणि जड झाली म्हणून त्यांनी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं.

"दिवसभर कपाटाकडं बघत बसतात," बाई म्हणाल्या. "कपाटात ही असते. आजारपणाच्या थोडं आधीच हिचा आवाज गेला होता, तो दुरुस्त करायचा राहून गेला. मला वाटलं, आवाज तरी सुरू करून आणावा. व्यायाम शिकवायला येतात ते म्हणाले, आवडीचं काहीतरी हातात द्या."

निघताना यजमानांनी उजव्या हातानं चादर घट्ट धरून नको नको म्हटलं होतं. एसटीत आदळेल म्हणून त्यांचा जीव खालीवर होतोय, असं बाईंना वाटलं. शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून त्या तशाच निघाल्या.

मी म्हटलं, सोडा सुतळी, बघू.

"तुम्हीच सोडा, भाऊ. अमेरिकेची आहे. मी हात लावत नाही. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला लावूच दिला नाही." हे त्या सहज म्हणाल्या, घरातली एखादी रीत सांगावी तसं.

मी गाठी सोडल्या. गडद लाल रंगाचं अंग, त्यावर काळी पट्टी, लांब मान, चार जाड तारा. मानेच्या टोकाला अमेरिकेतल्या एका फार मोठ्या कंपनीचं नाव सोनेरी अक्षरात. बाई माझ्या चेहऱ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, आठ दिवस ठेवून जा. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला, आणि जाताना दारातून वळून गिटारकडं एकदा पाहिलं.

हा नाद मला कानामुळं लागला. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवण्याच्या विभागात, मी सव्वीस वर्षं आहे. वर्षातून एकदा आमची कानांची तपासणी होते. बंद खोक्यात बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. एका वर्षी मी बटण फारच कमी वेळा दाबलं. उमेदीची वर्षं दिवसभर पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या भिंतीला लागून गेली, तेवढ्यात वरचे बारीक आवाज निघून गेले होते. कुकरची शिट्टी, पाखरं, फोनची रिंग. बायकोला वाटायचं मी मुद्दाम कानाआड करतो. त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीतल्या एका मित्राच्या मुलीच्या लग्नात मी वाद्यवृंदाच्या मोठ्या स्पीकरशेजारी उभा होतो. बेस गिटार सुरू झाली आणि ती मला छातीत ऐकू आली. एकही सूर निसटत नव्हता. त्याच महिन्यात मी जुन्या बाजारातून मान मोडलेली एक बेस गिटार उचलून आणली.

वाजवण्यात माझी प्रगती झाली नाही. उघडण्यात झाली. कुठलं वाद्य कुठं बनलं, कधी बनलं, कुणी मागाहून काय बदललं, हे ओळखण्याची गोडी लागली. त्यात जादू काही नाही. स्क्रूची खाच कशी आहे, रंगाच्या थराखाली काय आहे, तारांना कथलाचा डाग देताना हात स्थिर होता की नाही, हे बघायचं. टूलरूममध्ये तुटलेला पार्ट हातात घेऊन तो का तुटला हे आम्ही असंच शोधतो. पुढं मी जुन्या धाटणीच्या चार गिटारी स्वतः बनवल्याही, शिवणीच्या लाकडाचं अंग आणि शिसवीची मान. त्यातली एक बरी वाजते.

बाईंची गिटार मी दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर घेतली. पहिली शंका आली ती वजनामुळं. अंग हलकं आणि मान जड होती. त्या कंपनीची वाद्यं अशी मानेकडं झुकत नाहीत. मग सोनेरी नाव भिंगाखाली धरलं. ते छापलेलं नव्हतं, ब्रशनं रंगवलेलं होतं, आणि रंगवणाऱ्याचा हात चांगला होता. दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याचा असावा, कारण शेवटच्या अक्षराची शेपटी त्यानं आपल्याकडं पाट्यांवर काढतात तशी झोकात वर नेली होती.

मानेच्या मागचा रंग अंगठ्याच्या घासण्यानं उडाला होता. तिथलं लाकूड तांबूस, गाठीचं, दगडासारखं कठीण. मी नखानं दाबलं, वास घेतला, तरी पटेना. ही बाभूळ होती. आपल्याकडं औतं आणि बैलगाडीचे भाग ज्याचे करतात ती. वाद्याला बाभूळ लावलेली मी कधी पाहिली नव्हती. लहान लोहचुंबक मानेच्या पाठीवरून फिरवलं तर ते शेवटपर्यंत चिकटत गेलं. मान वाकू नये म्हणून आत लोखंडी पट्टी बसवलेली होती.

काळी पट्टी काढली तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. खाली लाकूड रंगवायचं राहून गेलं होतं. त्यावर काळ्या शाईचा एक बाण होता, आणि त्याच्याशेजारी अर्ध्यात कापलेलं काचेच्या पेल्याचं चित्र. मोटारीच्या लाकडी पेटाऱ्यावर असतं तसं, हा भाग वर ठेवा, आत नाजूक माल आहे. पेटाऱ्याच्या फळ्या एकावर एक चिकटवून हे अंग कोरून काढलं होतं. पिकअप, म्हणजे तारेचा कंप पकडून स्पीकरकडं पाठवणारी छोटी पेटी, प्लास्टिकच्या साबणदाणीच्या झाकणात बसवली होती. तिच्यावरची तार केसाइतकी बारीक, बहुधा जुन्या रेडिओतली. पण वेटोळी इतकी सारखी, इतकी दाबून बसलेली की मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. हे काम आयुष्यभर तार गुंडाळणाऱ्याचं होतं.

मानेचे चार स्क्रू काढले. मान आणि अंगाच्या जोडात फट भरायला पुठ्ठ्याचा तुकडा घातला होता. त्यावर शाईपेन्सिलीनं लिहिलं होतं, पाच एचपी, आणि खाली वेढ्यांचे आकडे. मोटार भरणारे असं टिपण ठेवतात.

गिटार त्या बाईंच्या यजमानांनी स्वतः बनवली होती.

मला फार आनंद झाला, हे खरं सांगितलं पाहिजे. मी बायकोला वर बोलावून बाण दाखवला, साबणदाणी दाखवली. ती म्हणाली, "मग बाईंना अमेरिकेची का सांगितली?" तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की यजमानांनी चादर कशासाठी धरली होती.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. कसं काय, जमेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जमेल, तार एका ठिकाणी तुटली आहे एवढंच. पुढं म्हणाल्या, सुटे भाग परदेशातून मागवावे लागतील का. मी नाही म्हणालो आणि घाईनं फोन ठेवला. बायको समोरच होती. तिचं म्हणणं सरळ होतं. ज्यानं बनवली त्याला आधी विचारा, आणि बाई घरी नसताना विचारा.

रविवारी सकाळी बाई चर्चमध्ये असतात हे मला माहीत होतं. ती वेळ साधून जाताना लाजल्यासारखं झालं, पण गेलो. गावाबाहेर, रस्त्याला लागून दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा. शेजारीण ओट्यावर मेथी निवडत होती. बाईंचे यजमान, काका, आत खिडकीपाशी खुर्चीत होते. मोठ्या हाडाचा माणूस, डावा हात उशीवर ठेवलेला. मी नागापूरहून आलोय, गिटार माझ्याकडं आहे, असं सांगितल्यावर त्यांनी शेजारणीकडं बघितलं. ती समजून निवडायची भाजी सुपासकट उचलून आपल्या घरी गेली.

"उघडली?" त्यांनी विचारलं. शब्द तोंडातून ओढून काढावे लागत होते.

"उघडली."

मी म्हटलं, "काका, बाभळीची मान मी जन्मात पहिल्यांदा पाहिली."

चेहऱ्याची उजवी बाजू हसली. मग डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्यांनी उजवा हात उचलला नाही. अशा आजारात माणसाला रडू लवकर येतं, हे मी ऐकून होतो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढचा अर्धा तास ते बोलत होते. एकेक वाक्य जोडून मी समजून घेत होतो. मिशनच्या वसतिगृहात असताना ते हार्मोनियम आणि थोडं गिटार शिकले होते. सातवीनंतर शाळा सुटली, मोटारी भरायला लागले. एका जत्रेत मुंबईहून वाद्यवृंद आला. त्यात त्यांनी पहिल्यांदा बेस गिटार ऐकली. कार्यक्रमानंतर वाजवणारा जेवायला बसला तेव्हा ह्यांनी खिशातला, मोटारीची वेटोळी बांधायचा दोरा काढला, गिटारच्या मानेवर ताणला आणि प्रत्येक पडद्याच्या जागी गाठ मारली. पडदे म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, बोट कुठं दाबायचं ते त्यावरून ठरतं. अंगाचा आकार वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं उतरवून घेतला. पावसाळ्यात मोटारी जळत नाहीत, काम नसतं. ते चार महिने गिटारमध्ये गेले.

नगरच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला वाजवणारा हवा होता, पण स्वतःचं वाद्य असलेला. गावात बनवलेल्या लाकडाला त्यानं उभं केलं नसतं. म्हणून एका पेंटरकडून नाव लिहून घेतलं आणि सांगितलं, बोटीवरच्या माणसाकडून मिळाली. ऑर्केस्ट्रात घेतलं. गावोगाव लोक गिटार बघायला यायचे. मग लग्न ठरलं.

"बाई डीएड झालेली," ते म्हणाले. घरातही ते त्यांना बाईच म्हणत. "म्या सातवी. तिच्या बापाला सांगितलं हुतं, मुलगा अमेरिकेची गिटार वाजवतो. मंग कसं सांगू?"

"पण हात का लावू दिला नाही?"

त्यांनी उशीवरचा डावा हात उजव्या हातानं सरळ केला.

"लई हुशार हाय ती. एकदा हातात घेतली असती तर वळखलं असतं."

मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, तूच सांग तिला. मी नाही म्हटलं. मला ते जमलंही नसतं आणि शोभलंही नसतं. मी एवढंच म्हणालो की गिटार मी दुरुस्त करतो, पण ती आता लपवायची वस्तू राहिली नाही, लोकांना बोलावून दाखवावी असं काम आहे. ते बाईंना ज्यानं केलं त्यानंच सांगावं.

एवढ्यात बाई आल्या. हातात बायबल आणि गीतांचं पुस्तक. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, वाटलं असेल काम झालं. काकांनी त्यांना समोर बसायला सांगितलं. मी उठायला लागलो तर माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं.

त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. चारही वाक्यं अडखळत, पण सगळं आलं त्यात. बाई ऐकत होत्या. मध्ये त्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवली.

"म्हणजे अमेरिका नाहीच," त्या म्हणाल्या.

"न्हाई."

"हे तुम्ही बनवलंय."

"व्हय."

मला वाटलं होतं त्या हसतील. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं एवढी वस्तू घडवली, अभिमान वाटेल. बाईंनी उठून पुस्तकं कोनाड्यात ठेवली आणि उभ्यानंच बोलल्या.

"ते कपाट मी बाहेरून पुसत आले. आतून कधी नाही. शाळेत बाजाची पेटी मी शिकवायचे, पोरांच्या हातात पेटी द्यायचे, आणि घरात माझ्या हाताला ही नको. मला वाटायचं माझ्या हातालाच काही वळण नाही. एकदा तरी ह्यांनी खरं सांगायचं होतं."

बाई माझ्याकडं वळल्या, आवाज शाळेतल्यासारखा कोरडा. "भाऊ, ती तुमच्याकडंच राहू द्या. मला आता ती घरात नको." आणि त्या आत गेल्या. मी ओट्यावर आलो, गाडी सुरू केली. सुप्याच्या फाट्यापर्यंत मला कळत नव्हतं की मी चांगलं केलं की एका घरात विस्तव टाकून आलो.

महिनाभर त्यांच्याकडून काही आलं नाही. फोन करायचं धाडस मला झालं नाही. संध्याकाळी कामावरून आलो की थोडंथोडं काम करत गेलो. पिकअपची तार बाहेरच्या वेढ्यापाशीच तुटली होती. दोन वेढे सोडवून, टोक साफ करून डाग दिला आणि मीटरचा काटा हलला. नवी पिकअप बसवणं सोपं होतं, माझ्याकडं एक पडूनही होती, पण ती बसवली असती तर आवाज दुसऱ्या कुणाचा तरी झाला असता. खुंट्या गंजल्या होत्या, त्या रॉकेलमध्ये बुडवून मोकळ्या केल्या. मान थोडी पुढं झुकली होती. ती दोन शिकंज्यांमध्ये धरून, रोज किंचित दाब वाढवत सरळ केली, बाभूळ फार हट्टी निघाली. पुठ्ठ्याचा तुकडा होता तिथंच परत ठेवला.

पडदे मी कारखान्यातल्या उंचीमापकानं आणि पट्टीनं तपासले. गाठी मारलेल्या दोऱ्यावरून बसवलेले ते पडदे केसभर इकडंतिकडं सोडले तर बरोबर होते. फक्त सातवा जागेवर नव्हता. दीड मिलिमीटर पुढं. तिथं दोऱ्याची गाठ सरकली असावी, किंवा जेवणारा तेवढ्यात हात धुवायला उठला असावा.

एका शनिवारी बाई आल्या, न सांगता. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला सगळी उघडून दाखवा."

आम्ही वर गेलो. पत्र्याची खोली तापलेली, मी पंखा त्यांच्याकडं वळवला. मी मान काढली, काळी पट्टी काढली. त्यांनी हात पुढं केला, थांबवला, आणि मग स्वतःशीच मान हलवून बोट बाणावर ठेवलं. चष्मा लावून त्यांनी साबणदाणीतली वेटोळी पाहिली. प्रत्येक भाग काय करतो हे विचारलं आणि माझं उत्तर अर्धवट असलं की पुन्हा विचारलं. मोटारीतली तार आणि ही तार यांत फरक काय. लोखंडी पट्टी किती खोल. बाभूळ किती दिवस वाळवली असेल. एखाद्या वर्गात मी चुकून मास्तर झालो होतो आणि समोर खरी मास्तरीण बसली होती.

"पडदे बरोबर जागी आहेत का?"

"एक सोडून."

"कितवा?"

"सातवा. थोडा पुढं आहे."

बाई हसल्या. त्या दिवसांत मी त्यांना प्रथमच हसताना पाहिलं. "चर्चमध्ये मी गाणाऱ्यांत उभी असते. एका जागी ह्यांचा सूर नेहमी जरा वर लागायचा. मी म्हणायचे, तुमचं लक्ष नाही. हे म्हणायचे, तुझा कान वाकडा."

मी विचारलं, काढून नीट बसवू का. त्या म्हणाल्या, नको, गाणाऱ्यांना सवय झालीय. मग मी सोनेरी नावाचं विचारलं. ते खोटं आहे, ठेवायचं की पुसायचं, माझं मलाच ठरवता येत नव्हतं. एकीकडं ती फसवणूक, दुसरीकडं त्या वाद्याच्या आयुष्याचा भाग. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ज्यानं लिहून घेतलं त्यालाच विचारा.

घरात काय झालं हे त्यांनी जाताना, चप्पल घालता घालता सांगितलं. पंधरा दिवस त्या यजमानांशी कामापुरतंच बोलत होत्या. औषध घ्या, पाय वर घ्या. एक दिवस काका स्वतःहून बोलायला लागले. दोऱ्याच्या गाठींपासून, रोज थोडं. आजारी पडल्यापासून ते एवढं कधी बोलले नव्हते. बाईंना राग धरून ठेवायचा होता, पण एकीकडं त्यांचे शब्द सुटे होत चाललेले ऐकू येत होते. "म्हणून ऐकत राहिले," त्या म्हणाल्या. "राग आहेच. तो काही कुठं गेला नाही."

पुढच्या रविवारी दुपारी मी गिटार आणि एक लहान स्पीकर घेऊन गेलो. काकांनी आधी सोनेरी नाव बघितलं. पुसू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. न्हाईतर आर्केस्ट्रातले म्हनतील, ती इकून दुसरी आनली." गिटार त्यांच्या मांडीवर नीट बसेना, तेव्हा बाईंनी दुसऱ्या बाजूनं मान उचलून धरली. उजव्या अंगठ्यानं काकांनी जाड तार ओढली. मोकळा सूर निघाला, भरीव, थोडा ओबडधोबड. तो माझ्या छातीत आला तसाच त्यांच्याही आला असणार, कारण त्यांनी डोळे मिटले. मग दुसरी तार, तिसरी, चौथी. चारच सूर. त्यापुढं डावा हात लागतो, आणि तो उशीवर पडून होता.

मी काहीतरी बोलणार होतो, एका हातानं वाजवायच्या युक्त्या मी शोधून ठेवल्या होत्या. तेवढ्यात काका बाईंना म्हणाले, "तिसरा दाब. जाड तार."

बाईंनी मान धरलेलीच होती. त्यांनी बोट ठेवलं. काकांनी ओढली. खरखर आवाज आला.

"पडद्यावर न्हाई. मागं. घट दाब."

"दुखतंय."

"दुखनारच."

पुन्हा ओढली आणि सूर आला. बाईंनी बोट उचलून बघितलं, त्यावर तारेचा वळ उमटला होता.

हे काही त्या दिवशी गाणं झालं नाही. त्यानंतरचे तीन-चार महिनेही नाही. बाईंचं बोट उशिरा पोचायचं, काकांचा अंगठा आधी सुटायचा. दोघंही एकमेकांवर चिडायचे. मी महिन्यातून एकदा जायचो, कारण उन्हाळ्यात तिकडची कोरडी हवा लागून बाभळीची मान हलते आणि तारा वर येतात. कधी जावं तर गिटार भिंतीला टेकवलेली आणि दोघं दोन खोल्यांत. बाईंनी मला सांगितलं, भाऊ, ह्यांना शिकवता येत नाही, नुसतं ओरडता येतं. काकांनी सांगितलं, बाईला दुसऱ्याचं ऐकायची सवय न्हाई. तक्रार करताना त्यांचं वाक्य सरळ, न थांबता आलं होतं. ते मी बाईंना सांगितलं, पण त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं.

हंगामाच्या सणाला, नवं पीक देवाला वाहतात त्या दिवशी, त्यांनी चर्चमध्ये वाजवलं. त्या रविवारी मी आणि बायको मुद्दाम गेलो. पुढं ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या वाहिलेल्या. दोन खुर्च्या जोडून लावल्या होत्या, काका आणि त्यांच्या डाव्या हाताला बाई. गीत संथ होतं, त्यात पाचच सूर लागत होते. दुसऱ्या कडव्यात बाईंनी चुकीचा पडदा दाबला. काकांनी हात थांबवला आणि भर चर्चमध्ये म्हणाले, "पाचवा, पाचवा. डोळे कुठं हायेत?" लोक हसले. पाळकसुद्धा हसले. बाई लाल झाल्या, पण बोट पाचव्यावर नेलं, आणि गाणाऱ्यांनी कडवं पहिल्यापासून धरलं. ते शेवटपर्यंत गेलं.

काकांच्या हातात फरक नाही. डॉक्टरांनी तशी आशाही फार दिलेली नाही. बोलणं मात्र पुष्कळ सुधारलं, फोनवर आता मला त्यांचं सगळं कळतं. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा नव्या गीतावरून भांडण चाललं होतं. त्यात एक सूर बाईंच्या करंगळीला पोचत नाही, मान त्यांच्या हाताला जाड पडते. मी म्हटलं, मागून थोडी तासून देतो, दोन तासांचं काम आहे. काका म्हणाले, तिला हात लावायचा न्हाई.

बाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

मग ते म्हणाले, "बरं, तास. पन बाई सांगंल तेवढीच."

बाईंनी मान हातात घेतली, बोटं पसरून पाहिली, आणि पेन्सिल मागितली.